पाठीचं माप

या मार्गशीर्षात गावात नवंच निघालं.
आरशासमोर उभं राहून
आपणच आपल्या बोटात अंगठी घालायची
आणि म्हणायचं, मी मला पुरेशी आहे.
पंधरा सेकंद. बास.
गोवर्धनच्या जनरलमधल्या वीसच्या अंगठ्या
बाजाराच्या दिवशी तीसला गेल्या.
आणि पूर्ण उंचीचा आरसा गावात एकच,
माझ्या शिलाईच्या दुकानात,
कोपऱ्यात तडकलेला, तडकेवर टिकली लावलेली.

म्हणून मशीन बंद. रांग.
कृषी केंद्रवाल्याची सून आली डोक्यावर पदर घेऊन,
इकडेतिकडे पाहून तिनं तो खाली घेतला.
नर्सिंगच्या दोघी यवतमाळहून सुट्टीत आलेल्या.
सुगंधाबाई राऊत म्हणे,
"आंगठी जाऊ दे व माय, सुजल्या बोटात जाते कुठी,
पन मी मले पुरते, येवढं आमच्या बुढ्याले पाठवून दे."
बुढा बाहेर ओट्यावरच बसला होता,
तिची चप्पल राखत.

प्रांजली गेडामनं बारा वेळा केलं.
अकराव्यांदा आवाज फुटला,
बाराव्यांदा हसली, तेच ठेवलं.
रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून टाकलं.
दुसऱ्या दिवशी पाहणारे एकेचाळीस हजार.
त्यातला दिग्रसचा एक होता की नव्हता,
हे ती मोजत बसली.

मी चौदा वर्षं या गावाची मापं घेते.
कोणाचा खांदा उतरलेला,
कोण सातव्या महिन्यातही सांगत नाही,
कोणाच्या दंडावर टेप लावला की अंग चोरतं,
मला माहीत असतं. मी फक्त आकडा लिहिते.
आणि माझी पोलकी शिवते
लग्नातल्या पोलक्याच्या मापावर.
दर दोन वर्षांनी बगलेतला दाब उसवायचा,
अर्धा इंच, पुन्हा अर्धा इंच.
आता उसवायला कापड उरलेलं नाही.

त्या रात्री लाइट गेल्यावर
मीही उभी राहिले आरशासमोर, मोबाइलच्या उजेडात.
अंगठी नव्हती. अंगुस्तान घातलं बोटात.
म्हटलं, मी मला...
पुढचं तोंडातून निघेना, हसूच आलं.
मग टेप काढला, निदान हे तरी.
छाती जमली. कंबर जमली.
पाठ जमेना.
एक टोक धरावं तर दुसरं घसरतं,
हात वळवावा तर माप बदलतं.
चौदा वर्षांच्या धंद्यात हे कसं लक्षात नाही आलं,
पाठीला दुसरं माणूस लागतं.

घरचे जिनिंगवरून दहाला आले,
भुवयांवर कापूस घेऊन.
जेवले, भिंतीकडे तोंड करून निजले.
म्हणावं वाटलं, जरा टेप धरता का?
नाही म्हटलं. त्यांचा दोष नाही,
मीच कधी पाठ केली नव्हती त्यांच्यापुढे
काही मागण्यासाठी.

बुधवारी प्रांजली ड्रेस न्यायला आली.
डोळे सुजलेले, फोन पर्समध्ये खोल.
बोटात अंगठीच्या जागी हिरवा डाग.
मी काही विचारलं नाही.
टेप पुढे केला: "धर व पोरी, इथून इथपर्यंत."
तिनं धरला. बोटं गार होती तिची.
खांद्यापासून खांद्यापर्यंत सावकाश आली,
मध्येच थांबली.
"काकू, इथं गाठ आहे आखडलेली."
आणि अंगठ्यानं दाबत राहिली
जरा वेळ, दोघी काही न बोलता,
बाहेर सरकीचं ट्रॅक्टर जाईपर्यंत.

"साडेपंधरा," म्हणाली.
मी वही ओढली.
सुगंधाबाईच्या खाली, सरपंचीणबाईच्या वर
माझं नाव लिहिलं, आडनावासकट.
पाठ साडेपंधरा.
तारखेच्या रकान्यात
इतरांसाठी लिहिते ते लिहिलं:
अर्जंट.